नागपूरच्या ठोक बाजारासाठी पालेभाजी: पेरणीपासून हिशेबपट्टीपर्यंत

पालेभाजी महिन्याभरात हाती येते, पण एकदा उपटली की ती थांबत नाही. म्हणून पेरणीआधी एकदोनदा पहाटे कळमना बाजार आवारात किंवा कॉटन मार्केटमधील महात्मा फुले बाजारात जाऊन कोणती भाजी किती मोठ्या जुडीत येते, खरेदीदार आधी काय उचलतात आणि गर्दी केव्हा ओसरते, हे स्वतः पाहावे.

त्यानंतर हंगामानुसार पीक ठरवावे. मेथी, पालक आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) यांना हिवाळा मानवतो, मात्र तेव्हा सगळ्यांच्याच वावरात त्या असल्याने डिसेंबर-जानेवारीत आवक वाढून भाव पडतात. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा सांबार नीट उगवत नाही आणि उगवला तरी लवकर फुलावर येतो. त्याला 50 टक्के सावली देणारी शेडनेट लागते, अन्यथा ऊन सोसणारी चवळाई (माठाच्या कुळातली पालेभाजी) घेणे शहाणपणाचे. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे करून चर काढावेत. संततधारेत बहुतेकांची भाजी सडते, त्या दिवसांत ज्याचे वाफे टिकतात त्याला चांगला भाव मिळतो. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला अंबाडी लागते, तेव्हा ती त्या बेताने पेरावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळे वावर एकदम पेरू नये. समजा, मेथीसाठी बारा गुंठे आहेत, तर त्यांचे तीन-तीन गुंठ्यांचे चार भाग करून दर आठ दिवसांनी एकेक भाग पेरावा; चौथा भाग पेरून होतो त्यानंतर आठवडाभरात पहिला काढणीला येतो. अशाने एखाद्या दिवशी भाव कोसळला तरी नुकसान एका भागापुरते राहते, शिवाय घरच्या माणसांवर काढणी भागते आणि अडत्यालाही (बाजारात आपला माल विकून देणाऱ्या दलालालाही) आपला माल नियमित येणार हे कळते. या धंद्यात नियमितपणाला मोल आहे.

सांबाराचे बी हलके रगडून त्याच्या दोन फाकी कराव्यात आणि रात्रभर भिजवून पेरावे. चवळाईचे बी फार बारीक असल्याने त्यात वाळू मिसळावी. चांगले कुजलेले शेणखत आधीच मातीत मिसळावे. पालकाची कापणी झाली की थोडे नत्र द्यावे, म्हणजे साधारण पंधरा ते वीस दिवसांत पुढची कापणी येते. मावा दिसताच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. रासायनिक औषध वापरलेच, तर लेबलवर लिहिलेला काढणीपूर्व काळ (फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस) पाळलाच पाहिजे, कारण हे पान दोन दिवसांत कोणाच्या तरी ताटात असते. त्याच कारणाने नाग नदीचे सांडपाणी पालेभाजीला कधीही देऊ नये.

काढणी ऊन उतरल्यावर करावी. पिवळी पाने, गवत आणि चिखल काढून मुळे स्वच्छ पाण्यात धुवावीत, पाणी निथळू द्यावे, आणि सगळ्या जुड्या सारख्या बांधाव्यात. वर टवटवीत आणि आत पिवळा पाला घातलेली जुडी खरेदीदार सोडून पाहतोच, आणि मग त्या शेतकऱ्याच्या चांगल्या मालालाही कमी बोली लागते. क्रेटमध्ये जुड्या उभ्या व सैल ठेवून वर ओले बारदान टाकावे. दाबून भरलेला ढीग आतून गरम होतो आणि पहाटेपर्यंत मधली पाने पिवळी पडतात.

बाजारात गर्दीच्या आधी पोहोचावे आणि बोलीच्या वेळी मालाजवळच उभे राहावे. विक्रीनंतर हिशेबपट्टी मागून घ्यावी व जुड्यांची संख्या, भाव आणि हमाली तिथेच तपासावी. 2016 साली राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यावरील अडत (अडत्याचे कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. त्यामुळे पट्टीत अडत कापलेली दिसली तर बाजार समितीकडे लेखी तक्रार करावी. त्याच वर्षी फळे-भाजीपाला आवाराबाहेर विकण्याची मोकळीकही मिळाल्याने थोडा माल आठवडी बाजारासाठी राखता येतो.

प्रत्येक पट्टीवर त्या मालाची पेरणीची तारीख लिहून ती जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी कोणता आठवडा टाळायचा हे समजेल. काढणीची मजुरी आणि गाडीभाडेही निघणार नाही इतका भाव पडला असेल, तर मेथी उपटू नये. ती द्विदल असल्याने वावरातच गाडून पुढच्या पिकाला खत म्हणून द्यावी.