ताज्या अंजिरांचा ज्वारी क्रंबल

दिवे घाट चढून गेले की पुरंदर तालुक्यातील अंजिराच्या बागा सुरू होतात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे अंजीर पुण्याच्या मंडईत सहज मिळते, पण ते एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. घरी आणलेल्या किलोभर अंजिरांपैकी निम्मी मऊ पडू लागली असतील, तर त्यांचा क्रंबल करावा. क्रंबल हा मूळचा ब्रिटिश पदार्थ असून त्यात फळांच्या फोडींवर पीठ, साखर आणि लोण्याचा रवाळ भुगा पसरून तो भाजतात. येथे मैद्याऐवजी ज्वारीचे पीठ घेतले आहे. ही पौष्टिकतेसाठी केलेली तडजोड मात्र नव्हे. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्यामुळे तिच्या पिठाचा केक नीट धरत नाही. क्रंबलला मुळात चिवटपणा नकोच असतो, त्यामुळे येथे तोच दोष गुण ठरतो.

चार-पाच जणांसाठी ५०० ग्रॅम पिकलेली अंजिरे, १२० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ५० ग्रॅम ओट्स, भुग्यासाठी ५० ग्रॅम आणि फळांसाठी दोन मोठे चमचे बारीक चिरलेला गूळ, ६० ग्रॅम घट्ट तूप, मूठभर अक्रोडाचे तुकडे, एक मोठा चमचा तांदळाचे पीठ, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा सुंठपूड आणि चिमूटभर मीठ घ्यावे. ज्वारीचे पीठ गिरणीतून नुकतेच दळून आणलेले असावे, कारण जुन्या पिठाचा कडवटपणा भाजल्यावरही जात नाही. साखरेऐवजी गूळ घातला आहे तो चवीसाठी; तोही शेवटी गोडच, म्हणून हात आखडताच ठेवावा. उन्हाळ्याच्या तोंडी येणारी मीठा बहाराची फळे अधिक गोड असल्याने त्यांना एक चमचा गूळ पुरतो.

अंजिरे आयत्या वेळी धुऊन कोरडी पुसावीत, देठ कापून प्रत्येकाच्या चार फोडी कराव्यात. देठातून पांढरा चीक येत असेल तर फळ कच्चे आहे. त्या चिकाने जिभेला खाज सुटते, म्हणून ते बाजूला ठेवावे. आंबूस वास येणारे फळही घेऊ नये. फोडींना गूळ, लिंबाचा रस आणि तांदळाचे पीठ हलक्या हाताने लावून त्या २० सेंटिमीटरच्या काचेच्या भांड्यात पसराव्यात. तांदळाचे पीठ वगळू नये, कारण भाजताना सुटणारा रस तेच दाट करते आणि ते नसेल तर वरचा थर खालून भिजून त्याचा लगदा होतो.

आता भुगा. ज्वारीचे पीठ, ओट्स, गूळ, सुंठ आणि मीठ एकत्र करून त्याला, करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसे, तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोट लावताच फुटला, की प्रमाण जमले. तुपात लोण्यासारखा पाण्याचा अंश नसल्याने मिश्रण कोरडे वाटेल; तेव्हा तूप न वाढवता एक-दोन चमचे थंड दूध शिंपडावे. एप्रिलमध्ये तूप वितळलेलेच असते, म्हणून ते आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवावे. पातळ तुपाने भुगा न होता गोळा होतो. शेवटी अक्रोड मिसळून हा भुगा फळांवर न दाबता पसरावा.

ओटीजी (विजेवरची छोटी भट्टी) १८० अंश सेल्सियसवर दहा मिनिटे तापवून, वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू ठेवून, भांडे मधल्या जाळीवर तीस मिनिटे भाजावे. घड्याळापेक्षा कडांवर लक्ष ठेवावे: तेथून जांभळट रस बुडबुडत वर आला आणि भुगा बदामी झाला की ओटीजी बंद करावा. ओटीजी नसेल तर भुगा कढईत मंद आचेवर खरपूस परतावा, फळे झाकण ठेवून दहा मिनिटे शिजवावीत आणि वाढताना दोन्ही एकत्र करावे.

अंजिराचा हंगाम नसेल तेव्हा सफरचंद किंवा बिया काढलेला पेरू चालतो. सीताफळ मात्र वापरू नये, ते तापवल्यावर कडू होते. भांडे बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे थांबावे, तोवर रस आळतो. सोबत आईस्क्रीमपेक्षा बिनसाखरेचा चक्का अधिक शोभतो, आणि उरलेला क्रंबल दुसऱ्या दिवशी ओटीजीत पाच मिनिटे गरम केला की वरचा थर पुन्हा कुरकुरीत होतो.