जुनी रेकॉर्ड सापडली? स्पिरिटची बाटली आधी लांब ठेवा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की माळ्यावरचे रेकॉर्डचे गठ्ठे थेट रद्दीवाल्याकडे जातात. त्यात लावण्या, पोवाडे, क्वचित परदेशी लोकसंगीतही निघतं. नशीब जोरावर असेल तर 'सिमला बीट'सुद्धा! 1970 आणि 1971 च्या या एलपींवर (म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डवर) आपल्याच देशी बीट ग्रुपांचा, म्हणजे रॉक वाजवणाऱ्या बँडांचा, झकास गिटार-धिंगाणा आहे.

घरी आणल्यावर आधी तबकडी कशाची आहे ते ओळखा. जड, ताठ आणि 78 आरपीएमची (मिनिटाला 78 फेरे घेणारी) असेल तर ती बहुधा लाखेची. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, मग गाणं कायमचं गेलं. साल अलीकडचं आहे म्हणून ती प्लास्टिकचीच असेल, असा अंदाज बांधू नका. साठच्या दशकात बीटल्सही आपल्याकडे 78 वर निघाले होते.

खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी तर धरतेच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाका, मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून घट्ट पिळा आणि खाचांच्या दिशेने गोल पुसा. आडवं घासलंत की चरे पडलेच. लेबल कोरडंच राहू द्या. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवून सावलीत उभी वाळवा.

कव्हर अदलाबदल झालेलं असू शकतं. म्हणून लेबलालगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्ड नेमकी कोणती ते ओळखायचा कारखान्याचा नंबर) मोबाइलच्या टॉर्चमध्ये, तिरप्या उजेडात वाचा. आणि 78 ला जाड सुई लागते. एलपीची सुई रुंद खाचेच्या तळाशी नुसती खरखरत बसते.