जपानी बोलताना अडखळता? या चुका टाळा

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, शिवाय कितीतरी खाजगी वर्ग. तरीही जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन3, एन2 या पातळ्या पास झालेली हुशार मुलं-मुली समोर जपानी माणूस आला की गप्प होतात. याचं एक कारण परीक्षेतच आहे. जेएलपीटी 1984 पासून होते आहे, पण तिच्यात बोलण्याची चाचणीच नाही. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच, तेही पर्यायांतून उत्तर निवडून. चारांतलं बरोबर वाक्य ओळखणं वेगळं आणि तेच वाक्य दोन सेकंदांत तोंडातून काढणं वेगळं. दुसऱ्या कामाचा सराव कुणी मागत नाही, म्हणून तो होत नाही.

पण माझ्या मते मराठी माणसाची मोठी चूक याहून वेगळी आहे.

वाक्य इंग्रजीतून वळवून आणणं

आपली पुस्तकं इंग्रजीतून, ॲप इंग्रजीतून, व्याकरणाची स्पष्टीकरणंही इंग्रजीतून. त्यामुळे डोक्यात विचार मराठीत उठतो, त्याचं इंग्रजी होतं, मग ते वाक्य शेपटाकडून उलटं करून जपानी बनतं. एवढ्या वेळात समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. हा वळसा आपल्याला मुळीच गरजेचा नाही. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, कर्ता गाळायची मुभा: ही सगळी घडण मराठीत आधीच आहे.

‘मला आंबा आवडतो’ घ्या. आवडणारा आंबा, म्हणून क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. जपानीतही ‘मांगो गा सुकी देस’. आंब्याला कर्त्याचा ‘गा’ लागतो. इंग्रजीतून येणारा मात्र आंब्याला कर्म समजून ‘ओ’ लावतो आणि दरवेळी चुकतो. ‘मला जपानी येतं’ म्हणजे ‘निहोंगो गा देकिमास’, ‘मला समजतं’ म्हणजे ‘वाकारिमास’, ‘डोकं दुखतंय’ म्हणजे ‘आतामा गा इताइ’. मराठी वाक्य जसंच्या तसं उचला, प्रत्यय आपोआप जागेवर बसतात.

एका क्रियेला पुढची क्रिया जोडणाऱ्या ‘ते’ रूपाचा धसका घेणाऱ्यांनी आपलं ‘ऊन’ आठवावं. उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन: ‘ओकिते, काओ ओ आरात्ते, ओचा ओ नोंदे’. ‘खाऊन बघ’ हे ‘ताबेते मिरु’, ‘लिहून ठेव’ हे ‘काइते ओकु’, ‘घेऊन जा’ हे ‘मोत्ते इकु’, ‘खाऊन टाकलं’ हे ‘ताबेते शिमात्ता’. बघणे, ठेवणे, टाकणे या क्रियापदांचा असा जोड इंग्रजीत नाही, म्हणून पुस्तकाला त्यावर पानं खर्च करावी लागतात. आपल्याला ती पानं पाठ करायची गरज नाही. ‘काल घेतलेलं पुस्तक’ हे ‘किनो कात्ता होन’. लांबून येणारी बस दिसली की आपण ‘आली, आली’ म्हणतो; जपानी माणूसही ‘किता, किता’ असं भूतकाळातच म्हणतो.

रोज पाच-सहा साधी मराठी वाक्यं घ्या, घरात खरोखर बोललेली, आणि मोठ्याने जपानीत म्हणा. लिहू नका, फक्त म्हणा. जिथे अडाल तिथलीच गोष्ट त्या दिवशी शिका.

मराठी कुठे दगा देते

काही ठिकाणी मराठीवर विसंबलात तर फसाल, आणि ती ठिकाणं नेमकी माहीत असावीत. कुणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो’ म्हणतो. जपानीत ऐकणाऱ्याकडे जाताना ‘येणे’ चालत नाही. ‘इमा इकिमास’, म्हणजे ‘आत्ता जातो’ असंच म्हणायचं. दुसरं, ‘मी उचलून देतो, सर’ हे आपल्याकडे आदराचं बोलणं. त्याचं सरळ ‘मोत्ते आगेमास’ केलं तर ते उपकार केल्यासारखं ऐकू येतं. ‘मोचिमाशो का’ (उचलू का?) विचारा किंवा नम्रपणे ‘ओमोची शिमास’ (उचलतो) म्हणा.

तिसरं नोकरी करणाऱ्यांसाठी. बाहेरच्या माणसाशी फोनवर बोलताना आपण आपल्या साहेबांचा उल्लेख आदरानेच करतो. जपानीत तिथे साहेबांच्या आडनावापुढचं आदराचं ‘सान’सुद्धा गळतं, कारण बाहेरच्यासमोर आपला माणूस आपल्यातलाच धरला जातो. आणि समोरच्याला ‘आनाता’ (तुम्ही) म्हणणं टाळा. नाव माहीत असेल तर नाव आणि ‘सान’, नाहीतर ‘सेन्सेइ’ (शिक्षक), ‘बुचो’ (विभागप्रमुख) असं पद.

वाक्य पूर्ण करण्याचा अट्टहास

वर्गात पूर्ण वाक्याला गुण मिळतात. रस्त्यावर जपानी लोक वाक्य अर्धवट सोडतात, आणि तेच सभ्य समजलं जातं. ‘सुमिमासेन, एकी नि इकिताइन् देस केदो…’ आणि थांबायचं. आपणही ‘जरा स्टेशनला जायचं होतं…’ म्हणून थांबतोच की. नकारही तसाच. ‘दोयोबी वा चोत्तो…’ म्हणजे ‘शनिवारी जरा…’ एवढ्यात समोरचा समजतो. कारण रचत बसू नका.

विचार करायला वेळ हवा असेल तर ‘एतो’, ‘आनो’, ‘सो देस ने’ असा जपानीतच आवाज काढा. मध्येच ‘ॲक्च्युअली’ आलं की डोकं पुन्हा इंग्रजीच्या रुळावर जातं आणि पुढचा शब्द सापडत नाही.

ऐकतानाची शांतता हीसुद्धा चूकच आहे. याविषयी फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा ठासून सांगते. आपण मान देऊन गप्प ऐकतो. जपानी माणसाला वाटतं याला काही कळत नाहीये, आणि तो सोपं करून पुन्हा पहिल्यापासून सांगतो. फोनवर तर ‘मोशी मोशी?’ म्हणजे ‘हॅलो, हॅलो?’ सुरू होतं. गोष्ट ऐकताना हुंकार देतात तसा दर वाक्याच्या सांध्यावर ‘हाइ’, ‘ए’, ‘नारुहोदो’ द्यायला हवा. या हुंकाराला ‘आइझुची’ म्हणतात. यातला ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकतोय’, ‘मान्य आहे’ नव्हे. मीटिंगमध्ये हा फरक विसरल्याने मोठे गैरसमज होतात.

देवनागरीत लिहिलेल्या उच्चारांवर भरवसा

या लेखात मीही देवनागरीच वापरली आहे, पण वहीत तसं करू नका. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायची आपल्याला सवय, आणि आपल्या कानाला स्वराची लांबी फारशी जाणवत नाही. जपानीत तिच्यावर अर्थ ठरतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, आणि ‘बा’ दुप्पट लांबवला की आजी. ‘बिरु’ इमारत, ‘बीरु’ बिअर. ‘शुजिन’ नवरा, ‘शूजिन’ कैदी. आपण ज्याला टोकियो म्हणतो त्याचे जपानी कानाला चार ठोके आहेत: तो-ओ-क्यो-ओ. बोटाने टेबलावर ठोके देत शब्द म्हणा. काही आठवड्यांत कान तयार होतो. हिरागाना ही जपानी लिपी मात्र पहिल्या दिवसापासून.

पुन्हा ऐकणं, पण नक्कल न करणं

मालिका बघून कान सुधारतो, तोंड नाही. एका मिनिटाचा संवाद निवडा, ज्यातले शब्द आधीच कळतात असा. तो लावा आणि अर्धा सेकंद मागे राहून बोलणाऱ्याच्या सुरात, त्याच्याच विश्रांतींसह म्हणत जा. याला शॅडोइंग म्हणतात. रोज नवा संवाद घेऊ नका. एकच आठवडाभर घोळवा. आठवड्याच्या शेवटी स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून मूळ संवादाशी ताडून पाहा.

आकड्यांचा सराव वेगळा करा, कारण अस्खलित बोलणारेही तिथे अडतात. जपानी लोक दहा हजारांच्या ‘मान’ने मोजतात. मिलियनकडे जाऊच नका, लाखावरून या: एक लाख म्हणजे जू-मान, दहा लाख म्हणजे ह्याकु-मान, कोटी म्हणजे इस्सेन-मान, दहा कोटी म्हणजे इचि-ओकु. भाजीचा हिशेब, घरभाडं, पगार, दिसेल तो आकडा जपानीत मोठ्याने म्हणा.