घराच्या खरेदी-विक्रीतील शब्द कसे समजून घ्यावेत

सौदा ठरला की पहिला कागद बहुधा विसार पावतीचा होतो. विसार म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. पावतीवर एकूण किंमत, उरलेली रक्कम देण्याची मुदत आणि व्यवहार फिसकटल्यास विसार परत मिळणार की जप्त होणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात तर नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही.

यानंतर येणारे साठेखत आणि खरेदीखत हे शब्द बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि मला सर्वाधिक काळजी याच गोंधळाची वाटते. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार असतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 54 नुसार केवळ अशा करारामुळे मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. म्हणून जुने घर घेताना खरेदीखत कोणत्या मुदतीत होणार, हे साठेखतातच नमूद असावे, आणि विक्रेत्याने आपले कागद दाखवले की आधी सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा (रोजच्या बोलण्यातला इंडेक्स टू), हाती घ्यावा. त्यातील ‘विलेखाचा प्रकार’ या पहिल्याच रकान्यावरून तो दस्त नेमका कोणता आहे, हे कळते. त्याखाली ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात: पहिला पक्षकारांनी ठरवलेली किंमत, दुसरा शासनाच्या वार्षिक दर तक्त्यानुसार, म्हणजे रेडी रेकनरनुसार, काढलेले मूल्य. मुद्रांक शुल्क यांतील जास्त असलेल्या रकमेवर आकारले जाते, हे विसरल्यास ऐनवेळी पैशांची जुळवाजुळव करावी लागते.

जमिनीच्या सातबाऱ्यावर अनेक जण मालकाचे नाव पाहून थांबतात; परंतु बँकेचा बोजा, कुळाचा हक्क किंवा हस्तांतरणावरील निर्बंध यांची नोंद ‘इतर अधिकार’ या रकान्यात असते, तेव्हा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. नगर भूमापन झालेल्या शहरी भागात बहुधा मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, पाहावी लागते. मागील तीस वर्षांतील व्यवहारांचा वकिलांकडून घेतलेला शोध अहवाल ही चैन नव्हे.

चटई क्षेत्र म्हणजे प्रत्यक्ष वापरायोग्य क्षेत्रफळ. रेराच्या व्याख्येत घरातील आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळतात. दर त्यावरूनच ताडून पाहावा.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरास योग्य असल्याचा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला, नसलेल्या इमारतीत ताबा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्या सोसायटीत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे, राहिले आहे का, हेही विचारावे. विकासकाने ते टाळले असल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकासकाच्या सहकार्याविना होणाऱ्या अभिहस्तांतरणासाठी, सोसायटीला अर्ज करता येतो.