‘तारू’ हा जुना शब्द नेमका कसा वापरावा

बेळगाव-खानापूरकडच्या मुलांना कन्नड ‘हडगु’ म्हणजे जहाज हे चटकन उमगते, पण ‘तारू’ वाचताच ती ‘तरू’, म्हणजे झाड, समजून पुढे जातात. तारू म्हणजे शिडांचे जहाज. तरणे-तारणे यांच्याच कुळातला हा शब्द जुन्या छापील पुस्तकांत ‘तारूं’ असा अनुस्वारासह आढळतो आणि तेथूनच त्याचे नपुंसकलिंग ओळखावे.

खरी अडचण विभक्ती लावताना येते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने वहीत ‘संसाराच्या तारूला’ लिहिले होते, तेथे पेन्सिलीने ‘तारवाला’ केले आणि शेजारी ‘गळू, गळवाला, गळवे’ लिहून दिले. हा नमुना काहीसा किळसवाणा खरा, पण विसरला जात नाही. म्हणून ते तारू, ती तारवे, तारवात, तारवावर असे चालवावे.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराविषयी लिहिताना मात्र ‘तारू’ मोघम पडतो. तेथे मोठ्या जहाजाला गुराब आणि वल्ह्यांवरही चालणाऱ्या लहान, चपळ जहाजाला गलबत म्हणावे. आगबोटीला तारू म्हणणे मला तरी खटकते.