फुग्याकडे थोडं कमी बघा

अल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ल बालों रूझ’, म्हणजे आपला ‘लाल फुगा’, हा चित्रपट १९५६ सालचा. लांबी अर्ध्या तासाहून जराशी जास्त. बहुतेकांनी लहानपणी तो कुठेतरी पाहिलेला असतो आणि लक्षात एवढंच राहिलेलं असतं: पॅरिसमधला एक पोरगा, त्याच्या मागे मागे फिरणारा फुगा आणि शेवटी त्या पोराला उचलून आकाशात नेणारे खूप सारे फुगे. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. इलेमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात नोकरी सरली, त्यामुळे हा चित्रपट मी गोष्ट म्हणून कमी आणि रंगकाम म्हणून जास्त बघते. तुम्ही तो पुन्हा बघणार असाल, नातवंडांना घेऊन बसणार असाल, तर फुग्याकडे थोडं कमी बघा. तो कुठे पळून जात नाही. त्याच्या भोवतीचं गाव बघा.

आधी टीव्ही नीट लावा. चित्रपटाची चौकट जुन्या टीव्हीसारखी जवळपास चौकोनी आहे, म्हणजे आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. घरात कुणीतरी हमखास उठतं आणि रिमोटवरून चित्र ताणून पट्ट्या घालवतं. ताणलं की गोल फुग्याचा आडवा भोपळा होतो. ‘झूम’ केलं तर आणखी वाईट, कारण वरची कड कापली जाते आणि फुगा तर बहुतेक वेळ मुलाच्या डोक्यावर, वरच्या कडेलाच असतो. तेव्हा ४:३ ठेवा. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’वर आणा, नाहीतर राखाडी भिंती निळ्याभोर होतील आणि सगळी मेहनत वाया. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही सेटिंग असेल ते बंद. पडदे ओढून घ्या. फोनवर बघू नका, एवढ्याशा पडद्यावर लाल ठिपका दिसेल, गल्ली दिसणार नाही. सबटायटल शोधत बसायची गरज नाही; संवाद नावापुरते आहेत आणि ते कळले नाहीत तरी अडत नाही.

पहिल्या दहा मिनिटांत एक काम करा. पडद्यावर फुग्याखेरीज लाल कुठे कुठे आहे ते शोधा. फार सापडणार नाही. छायाचित्रकार एदमों सेशां यांनी टेक्निकलरसारखी रंगांनी ओथंबलेली पद्धत हाताशी असताना भिंती, दगडी पायऱ्या, आभाळ, माणसांचे कोट, सगळं करडं, मातकट, निळसर असंच ठेवलं. खुद्द पास्काल, म्हणजे तो मुलगा, राखाडी कपड्यांत आहे. आमच्या वर्गातल्या पोरांना बारा रंगांची पेटी दिली की बारा रंग वापरल्याशिवाय चैन पडायचं नाही, जणू उरलेल्या रंगांचे पैसे परत मिळणार नव्हते. त्यांना मी सांगायचे, लाल ओरडायला हवा असेल तर बाकीच्यांना गप्प बसवा. काळ्यात पांढरा आणि चिमूटभर निळा घालून कागदभर हात फिरवा, वाळू द्या, मग व्हर्मिलियनचा एकच ठिपका द्या. रस्त्यावरचा साधा फुगा पडद्यावर जिवंत का वाटतो, याचं निम्मं उत्तर त्या कागदावर मिळतं.

उरलेलं निम्मं आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने दिलं आहे. संकलनाच्या मर्यादांवरच्या निबंधात त्याने हाच चित्रपट उदाहरणाला घेतला. त्याचं म्हणणं साधं आहे. मुलगा एका शॉटमध्ये आणि फुगा दुसऱ्या शॉटमध्ये दाखवून नंतर जोडले असते, तर फुगा मुलाचं ऐकतो हे आपल्याला फक्त कात्रीच्या जोरावर मानावं लागलं असतं. लामोरिस दोघांना एकाच चौकटीत ठेवतो. हातचलाखी आहे, पण ती आपल्या डोळ्यांदेखत चालते. म्हणून पुन्हा बघताना मुलगा आणि फुगा एकत्र असलेले लांबलचक शॉट मनात टिपून ठेवा. पास्काल हात पुढे करतो आणि फुगा बोटभर मागे सरकतो, ती जागा बघाच. बसमागून तो उडत येतो तेव्हा बस, रस्ता आणि फुगा एकत्र दिसतात. पोरं दोरा शोधतील. शोधू द्या. ‘कसं केलं?’ असं विचारलं तर खरं सांगा: बारीक दोरे, ते ओढणारी माणसं चौकटीबाहेर, आणि भरपूर चिकाटी. माझा अनुभव असा की दोरा आहे हे कळल्यावरही मुलांचा फुग्यावरचा विश्वास उडत नाही. मोठ्यांचाच उडतो.

आता ते गाव. पूर्व पॅरिसमधली, विसाव्या प्रभागातली बेलव्हील आणि मेनिलमोंतां ही टेकडीवरची कामगारवस्ती. चढउतार, जिने, बोळ, पोपडे उडालेल्या भिंती. साठीच्या दशकात आणि पुढे यातला मोठा भाग पाडला गेला आणि टेकडीच्या उतारावर १९८८ मध्ये बेलव्हील उद्यान उघडलं. म्हणजे तुम्ही जे जिने आणि बोळ बघताय त्यातले कितीतरी आता फक्त या चित्रपटात उरलेत. नकाशा उघडून हे उद्यान आणि जवळचं नोत्र-दाम-द-ला-क्रुआ चर्च शोधा. चर्च अजून उभं आहे. मग चित्रपटातला एखादा जिना दिसला की चित्र थांबवा आणि मागे क्षितिजावर काय दिसतंय ते बघा. अख्खं शहर खाली पसरलेलं असतं. शेवटचं उड्डाण तुम्हाला आधीपासून दाखवलेलं आहे, फक्त तेव्हा लक्ष फुग्याकडे असतं.

गोष्टीचं म्हणाल तर मोठ्या माणसांवर नजर ठेवा. कंडक्टर फुग्यासकट बसमध्ये घेत नाही. घरची बाई फुगा खिडकीबाहेर सोडून देते. मुख्याध्यापक मुलाला कोंडून ठेवतात. चर्चमधून दोघांची हकालपट्टी होते. यातलं कुणीच दुष्ट नाही, प्रत्येक जण आपापला नियम पाळतोय, आणि मला हाच चित्रपटातला सगळ्यात बोचरा भाग वाटतो. (मीही वर्गात बाहुल्या, भोवरे, एकदा कासवाचं पिल्लू जप्त केलेली बाई आहे, तेव्हा मुख्याध्यापकांच्या टोपीमागे फुगा लागतो त्या प्रसंगाला मी जपून हसते.) अपवाद पावसातल्या छत्रीवाल्यांचा. पास्काल फुगा भिजू नये म्हणून अनोळखी लोकांच्या छत्र्यांखालून चालतो आणि ते चालू देतात. कुणी काही विचारत नाही. चित्रपटभर सांगितलेली मैत्री त्या दोन मिनिटांत जेवढी आहे तेवढी पळापळीच्या प्रसंगांत नाही, असं माझं मत.

जुन्या बाजारात तर दिग्दर्शक चक्क चित्रकलेवर बोलतो: मुलगा एका मुलीच्या तैलचित्रासमोर थबकतो आणि फुगा आरशात स्वतःला न्याहाळतो. पुढे निळा फुगा घेतलेली मुलगी भेटते. पास्काल हा लामोरिसचा स्वतःचा मुलगा, आणि ही मुलगी साबीन, त्याची मुलगी. रस्त्यात एकमेकांना ओझरतं भेटणारी ती दोघं भावंडं आहेत हे माहीत असलं की त्या प्रसंगाला वेगळीच गंमत येते.

मुलांसोबत बघणाऱ्यांची अडचण एकच असते, बेचक्यांचा प्रसंग. टोळीतली पोरं मोकळ्या माळावर फुग्याला गाठतात आणि दगड मारतात. इथे पालक पुढे ढकलतात आणि थेट उडण्यापाशी थांबतात. कृपा करून असं करू नका. मग शेवटचे फुगे नुसती सजावट होतात. फार लहान, पाचाच्या आतली मुलं असतील तर वर्षभर थांबा, चित्रपट कुठे पळत नाही. मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की मध्ये एक वाईट प्रसंग आहे. काय होतं ते सांगू नका. जवळ बसा, बोलू नका. आणि स्वतः बघा की तो प्रसंग किती सावकाश आहे. फुगा फटकन फुटत नाही. आधी त्याच्यावरची चमक जाते, आम्ही ज्याला हायलाइट म्हणतो ती, मग कातडीला सुरकुत्या पडतात, मग एक पाय त्याच्यावर पडतो. गोल वस्तूला गोलपणा देतो तो पांढरा ठिपका. तो गेल्यावर उरतो नुसता लाल रंग. पंचवीस वर्षं फळ्यावर मी हेच शिकवत होते, पण त्याने असं पोटात ढवळायचं नाही.

संपल्यावर तात्पर्य विचारू नका. ‘यातून काय शिकलो?’ हा प्रश्न शाळेला ठेवा. पास्काल कुठे गेला असेल, एवढं विचारा आणि गप्प बसा. माझ्या नातीच्या मते तो आईला न सांगता गेला म्हणून आता ओरडा बसणार. शेजारचा चौथीतला मुलगा म्हणाला, ‘खाली यायला एकेक फुगा फोडावा लागेल, मग तोच फोडणार का?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो ते मागतही नव्हता. मोठ्यांपैकी काहींना हा शेवट स्वर्गारोहणासारखा भाबडा वाटतो. मलाही संगीत तिथे थोडं जास्त गोड वाटतं. पण खालचं करडं शहर लहान होत जातं, ते मला खोटं वाटत नाही.

पुरस्कारांची माहिती नंतर द्या, आधी दिली की मुलं आदराने बघतात आणि आदराने कंटाळतात. कान महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक, आणि जवळपास न बोलणाऱ्या या चित्रपटाला मूळ पटकथेचं ऑस्कर! हे ऑस्कर मिळवणारा हा एकमेव लघुपट. मुलांना मात्र दुसरीच गोष्ट आवडते: जग जिंकायचा ‘रिस्क’ हा पटावरचा खेळही लामोरिसनेच काढला. १९७० मध्ये इराणात माहितीपटासाठी हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण करताना अपघातात तो गेला.

जोडीला काय बघायचं? तैवानी दिग्दर्शक होउ श्याओ-श्येनचा २००७ चा चित्रपट यालाच दिलेली दाद आहे, पण तो मोठ्यांसाठी. पोरं वीस मिनिटांत उठून जातील. त्यापेक्षा लामोरिसचाच १९५३ चा ‘क्रँ ब्लां’ लावा. दक्षिण फ्रान्समधल्या कामार्गच्या पाणथळ भागातला पांढरा घोडा आणि कोळ्याचा मुलगा, कृष्णधवल, जवळपास तेवढाच लहान. आधी तो, मग फुगा, म्हणजे रंग येतो तेव्हा डोळे तयार असतात. दोन्ही एका संध्याकाळी उरकायची घाई नको. आणि ‘क्रँ ब्लां’ झोपायच्या तोंडावर तर मुळीच नको. घोडा मुलाला घेऊन समुद्रात शिरल्यावर जे प्रश्न सुरू होतात ते अकरापर्यंत संपत नाहीत.