फोटो छापला, नाव गाळलं: दुरुस्ती कशी झाली

मी काढलेला वारीचा फोटो एका न्यूज पोर्टलवर नावाशिवाय, खालचा वॉटरमार्क कापून लागला होता. फोन, कमेंट यात वेळ घालवला नाही. आधी पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट (लिंक आणि तारीख दिसेल असा) घेतला, कारण मेल गेला की पान गुपचूप बदलतं. मग रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि तिच्या आगेमागेचे चार-पाच शॉट वेगळे काढले. चोराकडे जेपेग (तयार फोटोची प्रत) असते, आधीची फ्रेम नसते.

मेल संपादकांना, चार ओळींचा: फोटो माझा, परवानगी नाही, नाव द्या आणि मानधन द्या. कॉपीराइट कायदा 1957, कलम 57. हे कलम महत्त्वाचं, कारण हक्क विकले तरी कर्ता म्हणून नाव मागायचा अधिकार उरतो. नोंदणी लागत नाही. मात्र तुम्ही पगारी छायाचित्रकार असाल किंवा लग्नाची ऑर्डर पैसे घेऊन केली असेल, तर कलम 17 आधी वाचा. वेगळा करार नसेल तर मालकी बहुधा समोरच्याची.

दोन दिवसांत नाव लागलं. तेही 'सौजन्य: इंटरनेट' खोडून!

चूक माझीही होती. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला होता. तिथे मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली कर्ता, तारीख वगैरे माहिती) उडतो. आता लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिएटर आणि कॉपीराइट हे रकाने इम्पोर्ट करतानाच भरतो, एक्सपोर्टला 'ऑल मेटाडेटा' ठेवतो आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. ही माहिती कुणी जाणूनबुजून काढली, तर याच कॉपीराइट कायद्याचं कलम 65बी लागतं.